माथेरानचा एक दिवस: पॉइंट मोजू नका, धार धरा

पावसाळा ओसरल्यानंतरच्या एखाद्या स्वच्छ सकाळी खारघर किंवा नवीन पनवेलच्या उंच इमारतीवरून पूर्वेला पाहिलं, की आधी प्रबळगड डोळ्यांत भरतो. त्याच्या शेजारी कलावंतिणीचा सुळका, आणि या दोघांच्या मागे एक लांबलचक, जवळजवळ सपाट निळसर रेघ. ती रेघ म्हणजे माथेरान. पनवेलहून सरळ रेषेत मोजलं तर अंतर वीस किलोमीटरही भरत नाही. पण मध्ये प्रबळचा पहाड आणि माथेरानचे उभे कडे आहेत, म्हणून गाडीवाल्याला दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागतो: पनवेल, चौक, कर्जत, नेरळ आणि मग घाट. पन्नासहून जास्त किलोमीटर होतात. समोर दिसणाऱ्या डोंगराच्या पाठीमागे जाऊन त्याच्यावर चढायचं, असा हा प्रकार आहे.

नवी मुंबईकरांसाठी एका दिवसात जाऊन येण्याजोगं डोंगरावरचं गाव हेच. लोणावळा-खंडाळा जवळ आहेत, पण तिथे गाडी दारापर्यंत जाते आणि दिवस गाडीतच सरतो. माथेरानला गाडी वेशीवर सोडावी लागते आणि तिथून पुढचा सगळा हिशेब बदलतो. किती किलोमीटर गेलो हे तिथे बिनकामाचं ठरतं. पाय किती चालतील आणि उजेड किती वेळ आहे, एवढंच उरतं. बरेच लोक हा हिशेब न करता जातात. हॉटेलच्या पत्रकावर तीसेक पॉइंटांची नावं छापलेली असतात. त्यातले दहा-बारा घोड्यावरून धावत उरकायचे, प्रत्येक ठिकाणी फोटो काढायचा, आणि संध्याकाळी सगळे पॉइंट सारखेच होते म्हणत उतरायचं. ते सारखे नाहीत. पण तो फरक कळायला या डोंगराची घडण थोडी समजून घ्यावी लागते.

आठशे मीटर उंचीचा हा डोंगर खालपासून वरपर्यंत काळ्या बेसॉल्टचा आहे, सगळ्या सह्याद्रीसारखाच थरावर थर. अगदी वर मात्र जांभ्या दगडाची टोपी आहे. लाखो वर्षांच्या ऊन-पावसात बेसॉल्ट कुजून, त्यातलं लोह मागे राहून हा तांबडा, सच्छिद्र दगड तयार झाला. माथेरानची ती प्रसिद्ध लाल माती त्याचीच. जांभा पाणी शोषतो, धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. म्हणून माथ्यावर एवढं दाट, सावलीचं जंगल टिकलं आहे: जांभूळ, आंबा, हिरडा, अंजनी. पायथ्याशी एप्रिलमध्ये सगळं रान करडं पडलेलं असतं, तेव्हाही वर डोक्यावर पानांचं छत असतं. या छतात शेकरू राहतं. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी माथेरानला पाहायचा असेल, तर मान वर करून, गप्प राहून, सकाळी चालावं. आधी फांद्यांतून खडखडाट ऐकू येतो, मग तपकिरी पाठ आणि फिकट टोकाची लांब शेपटी एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेताना दिसते.

जांभ्याची टोपी संपते तिथे कडा सुरू होतो. माथेरानचे जवळजवळ सगळे पॉइंट म्हणजे या टोपीच्या कडेवरच्या जागा. म्हणजे तीस ठिकाणं अशी नाहीतच. एकच लांब काठ आहे आणि त्याच्या तीन मुख्य बाजू आहेत. पूर्वेचा काठ उल्हास नदीच्या खोऱ्यावर, नेरळ-कर्जतच्या भातशेतीवर आणि पलीकडच्या सह्याद्रीच्या मुख्य भिंतीवर उघडतो. पश्चिमेचा काठ प्रबळगडाच्या समोर येतो, आणि मधल्या दरीतून गाढी नदीचं पाणी पनवेलकडे निघतं. दक्षिणेचा काठ चौकच्या बाजूला, इर्शाळगड आणि मोरबे धरणाच्या दिशेने. पाणी वाटणाराच हा डोंगर आहे. पूर्वेच्या उतारावर पडलेला पाऊस उल्हासमार्गे वसईच्या खाडीला जातो, पश्चिमेचा गाढीतून पनवेलच्या खाडीला, आणि दक्षिणेचा धावरी नदीत. धावरी पुढे पाताळगंगेला मिळते, पण त्याआधी मोरबेला अडवली जाते.

हे मोरबे नवी मुंबईच्या प्रत्येक घराशी जोडलेलं आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २००२ साली ते धरण विकत घेतलं. स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या मोजक्या महापालिकांपैकी ही एक. दिवसाला ४५ कोटी लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता आहे आणि धरणातलं पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात येतं. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात वर्तमानपत्रांत मोरबे भरलं का, याची बातमी असते. ते भरतं माथेरानच्या रांगेवर पडणाऱ्या पावसाने. माथेरानला वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबई शहराच्या दुपटीहून जास्त. वाशीत नळ सोडल्यावर येणाऱ्या पाण्यात या उताराचा वाटा असतो. म्हणून नवी मुंबईकराने एकदा तरी दक्षिणेचा काठ धरून चालावं, असं मला मनापासून वाटतं. आपलं पाणी कुठे पडतं आणि कुठून वाहतं, हे तिथे उभं राहून कळतं.

गोऱ्या साहेबांना हा डोंगर सापडला तोही याच बाजूने. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकला मुक्कामी होते. समोर डोंगर दिसत होता. ते वन ट्री हिलच्या बाजूने चढून वर आले आणि रामबागच्या बाजूने उतरले. पुढे त्यांनी इथे घर बांधलं, मग मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले, रस्ते आखले गेले आणि उन्हाळ्यात मुंबई सोडणाऱ्या इंग्रजांचे व नंतर पारशी, बोहरी, गुजराती शेठांचे बंगले उभे राहिले. अर्थात ठाकर, कातकरी आणि धनगर वस्त्यांना हा डोंगर त्याआधी कित्येक पिढ्या माहीत होता. मॅलेटसाहेब ज्या वाटेने आले ती त्यांच्याच पायांनी पडलेली होती. आजही पायथ्याच्या वाड्यांतल्या बाया करवंदं, जांभळं, रानभाज्या घेऊन सकाळी याच वाटांनी वर येतात, बाजारात विकतात आणि संध्याकाळी उतरतात. त्यांची ही रोजची ये-जा तशी बघायला गेलं तर आपल्या लोकलच्या प्रवासाएवढीच नेमाची, फक्त उभ्या चढाची.

माथेरानने देशाला हुतात्माही दिला. भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी इथल्याच एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, शेतकऱ्यांसाठी आणि शिक्षणासाठी झटले, आणि १९४२ च्या आंदोलनात भूमिगत होऊन मुंबईला वीज पुरवणारे मनोरे पाडणाऱ्या दस्त्याचे म्होरके बनले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. पूर्वेच्या काठावरून सह्याद्रीची जी मुख्य भिंत दिसते, त्याच भिंतीला लागून उत्तरेकडे सिद्धगड आहे. पत्रकावरच्या सगळ्या इंग्रजी नावांमध्ये हे मराठी नाव आपणच लक्षात ठेवून न्यायला हवं.

आता गाडीकडे येऊ. नेरळ-माथेरान ही दोन फूट रुंदीची रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांचा. काम १९०४ मध्ये सुरू झालं, १९०७ मध्ये गाडी धावू लागली आणि खर्च सुमारे १६ लाख रुपये आला, असं नोंदलं गेलं आहे. सरकारी तिजोरीऐवजी एका मुंबईकर बोहरी घराण्याच्या खिशातून डोंगरी रेल्वे उभी राहिली, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. आखणीत सल्ला देणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे बार्शी लाइट रेल्वेचे कर्ते. म्हणजे बार्शीकरांची आणि माथेरानची गाडी एका अर्थाने चुलत बहिणी.

या मार्गाची खरी करामत वळणांत आहे. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर आणि माथेरान स्टेशन आठशेवर. एवढी उंची सुमारे वीस किलोमीटरमध्ये गाठायची आणि तीही दातेरी रूळ न वापरता, फक्त चाक आणि रुळाच्या घर्षणावर. त्यासाठी चढ काही ठिकाणी वीसास एक इतका तीव्र ठेवला, आणि डोंगराला वेटोळे घालत लांबी वाढवली. माउंट बॅरीपाशी गाडी मागे-पुढे करत झिगझॅग चढवायच्या ऐवजी घोड्याच्या नालेसारखा भराव घातला. त्यामुळे इंजिन न उलटवता गाडी वळते. संपूर्ण मार्गावर बोगदा एकच, तोही इतका छोटा की त्याचं नाव वन किस टनेल पडलं. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही मधली स्टेशनं. या गाडीतून चढताना एक गंमत अनुभवायला मिळते: नेरळचं खोरं कधी डावीकडे, कधी उजवीकडे येत राहतं, आणि दर वेळी थोडं खाली गेलेलं असतं.

डोंगराने या गाडीला सोडलेलं मात्र नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला आणि पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१६ मध्ये डबे घसरल्याने सेवा थांबली. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा रूळ उखडले आणि नेरळहून पूर्ण गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये परत सुरू झाली. दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग तसाही बंदच असतो. वरची अमन लॉज ते माथेरान शटल मात्र पावसातही चालते. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या तीन डोंगरी रेल्वे जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरानची रेल्वे अजून तात्पुरत्या यादीतच आहे. तिला तो मान मिळायला हवा, कारण चढाच्या अभियांत्रिकीत ती कुणापेक्षा कमी नाही.

पण एक दिवसाच्या फेरीसाठी या गाडीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. नेरळहून वर यायला तिला अडीच तासांच्या पुढे लागतात आणि फेऱ्या मोजक्या आहेत. दोन्ही वेळा तिनेच जायचं ठरवलं तर दिवसातले पाच तास रुळांवर जातील. ज्यांना गाडीच हवी आहे, लहान मुलं आहेत, आजी-आजोबा आहेत, त्यांनी खुशाल तोच कार्यक्रम करावा, मग वर बाजारात जेवून उतरावं. त्यात काही कमी नाही. ज्यांना डोंगर पाहायचा आहे, त्यांनी नेरळहून सामायिक टॅक्सीने वेशीवरच्या दस्तुरी नाक्यावर यावं आणि परतीला गाडीची वेळ जुळली तर ती घ्यावी. गाडीचं तिकीट मिळेलच असं धरून दिवसाची आखणी करू नये, आणि निघायच्या आदल्या दिवशी मध्य रेल्वेचं त्या दिवसाचं वेळापत्रक पाहावंच.

नवी मुंबईहून नेरळ गाठायला स्वतःच्या गाडीपेक्षा लोकल सोपी. वाशी, नेरुळ किंवा पनवेलहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथून कर्जत किंवा खोपोली लोकल. बदलापूर सुटलं की वांगणी, शेलू आणि मग नेरळ. दोन तास धरून चालावं. पहिल्या काही गाड्यांपैकी एक पकडली तर साडेआठ-नऊपर्यंत दस्तुरीला पोचता येतं, आणि हे पोचणं महत्त्वाचं, कारण त्यानंतर विशेषतः शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. ऐरोली-घणसोलीच्या लोकांना शिळफाटा-बदलापूरमार्गे रस्ताही सोयीचा पडतो. पण दस्तुरीचा वाहनतळ सुट्टीच्या दिवशी लवकर भरतो, हे ध्यानात ठेवा.

दस्तुरी हीच माथेरानची वेस. इथे नगरपरिषदेचा प्रवासी कर भरायचा आणि इंजिन मागे ठेवायचं. पुढे रुग्णवाहिका, अग्निशमन अशी अत्यावश्यक वाहनं आणि अलीकडच्या ई-रिक्षा सोडल्या तर मोटार चालत नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि आसपासचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. त्यामुळे मोटारबंदीच्या जुन्या परंपरेला कायद्याचं बळ मिळालं. दस्तुरीवरून बाजार अडीच-तीन किलोमीटरवर. हा टप्पा चालत पार करावा, असा माझा आग्रह आहे. पहिल्या पाच मिनिटांतच कानांना फरक जाणवतो. टापांचा आवाज, पाठीवर किंवा डोक्यावर सामान घेतलेल्या हमालाच्या श्वासाचा आवाज, शटलची शिटी. बुटांवर लाल धूळ बसते, मोज्यांत शिरते आणि धुतल्यावरही पहिल्या वेळी निघत नाही.

त्या धुळीच्या रस्त्यावर माणसांचं पोट कसं चालतं, हेही पाहण्यासारखं आहे. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३ होती. घोडेवाले, हमाल, हॉटेलवाले, चपला आणि चिक्की विकणारे, एवढ्यांवर गाव उभं आहे. पिढ्यानपिढ्या इथे माणसांनी ओढायच्या रिक्षाही होत्या. एक जण पुढून ओढणारा, मागून रेटणारे एक-दोघे, आणि आत बसलेला पर्यटक. चढावर पुढच्या माणसाची पाठ जवळजवळ जमिनीला समांतर व्हायची. माणसाने माणसाला ओढावं ही प्रथा संपावी, यासाठी रिक्षा ओढणाऱ्यांनीच ई-रिक्षाची मागणी लावून धरली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना वाट मोकळी केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत पूर्ण बंद करून त्या चालकांच्या पुनर्वसनाची सोय करण्याचा आदेश राज्याला दिला. घोडेवाल्यांची धास्ती खरी आहे, ई-रिक्षा वाढल्या तर त्यांचा धंदा बसेल. पण हातरिक्षेत बसणारा आणि ती ओढणारा दोघेही माणूस आहेत, एवढी एक गोष्ट माझ्या लेखी सगळ्या वादाच्या वर आहे. पेव्हर ब्लॉकबद्दलही न्यायालयाने मर्यादा घातली. दस्तुरी ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यापुरते ते चालतील, आतल्या वाटांवर नाहीत. आतल्या वाटा मातीच्याच राहणार, आणि माथेरानचं माथेरानपण त्यात आहे.

गाडी वेशीवर ठेवायची रीत जगात इतरत्रही आहे. मध्य इटलीतली टेकडीवरची जुनी गावं याच रीतीवर जगतात. रोमहून आगगाडीने तासा-सव्वा तासात ओर्व्हिएतोला पोचता येतं. स्टेशन खाली, गाव वर कड्यावर, आणि मध्ये दोरखंडाने ओढली जाणारी फ्युनिक्युलर. ती पहिल्यांदा १८८८ मध्ये पाण्याच्या वजनावर चालू झाली होती. चिविता दी बान्योरेजो या गावाला तर एका लांब पादचारी पुलावरूनच जाता येतं. त्याच्याखालची माती सतत ढासळते आहे. गावात कायम राहणारी माणसं अगदी मोजकी, आणि बघायला येणाऱ्यांची गर्दी अफाट. म्हणून २०१३ पासून तिथे प्रवेशासाठी तिकीट घेतात. तेव्हा ते दीड युरो होतं. दस्तुरीचा प्रवासी कर आणि चिविताचं तिकीट यांमागचा विचार एकच आहे: दिवसभरासाठी येणाऱ्याने डोंगराची झीज भरून द्यायला हातभार लावावा. फरक इतकाच, की ती गावं शत्रू आणि दलदलीच्या तापापासून लांब राहायला वर गेली. माथेरान उकाड्यापासून लांब राहायला वर गेलं. शत्रूला अडवायला बांधलेला गड इथे शेजारचा प्रबळगड.

दिवस कसा घालवावा, यावर आता माझं मत. बाजारात नाश्ता करून दोन वाटांपैकी एक निवडावी.

पहिली दक्षिणेची, पूर्ण दिवस चालू शकणाऱ्यांसाठी. बाजारातून अलेक्झांडर पॉइंटला जावं. इथून समोर मुख्य माथ्याशी उत्तरेला जोडलेली गारबटची लांब सोंड दिसते आणि खाली खोल दरी. मग रामबाग, तिथून चौक पॉइंट. इथे दक्षिणेचं सगळं दृश्य एकदम उघडतं: इर्शाळगडाचं टोकदार शिखर, मोरबेचं पाणी, चौकचा परिसर. हवा स्वच्छ असेल तर पनवेलच्या दिशेची वस्तीही. थोडा वेळ बसावं. इथून पश्चिमेला वळून वन ट्री हिल, जिथून मॅलेट वर आले. या बाजूने खाली जाणाऱ्या वाटेला शिवाजीज लॅडर म्हणतात. ती माहितगाराशिवाय उतरू नये. पुढे काठाकाठाने शार्लोट लेककडे यावं. या तळ्याच्या काठी पिसरनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत, शेंदूर ल्यालेली स्वयंभू पिंड. गावची तहान भागवण्यासाठी बांधलेलं हे तळं, म्हणून पाण्यात उतरायला मनाई आहे. ही सगळी फेरी आरामात पाच तासांची. दुपारचं जेवण बरोबर घ्यावं, आणि माकडांसमोर पिशवी उघडू नये. ती पिशवी घेतात आणि झाडावर जाऊन निवांत खातात.

दुसरी वाट पश्चिमेची, मुलांना आणि वडीलधाऱ्यांना घेऊन जाण्याजोगी. बाजारातून थेट शार्लोट लेक, तिथून एको पॉइंट, लुईसा पॉइंट. लुईसावरून प्रबळगड जवळून, अंगावर आल्यासारखा दिसतो. आपण रोज पनवेलहून पाहतो ती त्याची बाजू पलीकडची. ही वाट बरीचशी झाडीतून जाते, म्हणून दुपारीही चालवते. तीन तास पुरतात, मग उरलेला वेळ बाजारात, चपलांच्या आणि चिक्कीच्या दुकानांत. इथल्या चामड्याच्या चपला साध्या आणि टिकाऊ असतात, भाव विचारून दोन दुकानं फिरावीत.

पॅनोरमा पॉइंट आणि सनसेट पॉइंट या दोन नावांचा मोह एक दिवसाच्या फेरीत टाळलेला बरा. पॅनोरमा सूर्योदयाचा. तो अगदी उत्तर टोकाला आहे आणि त्यासाठी वर मुक्काम हवा. सनसेट पॉइंट, म्हणजे जुना पोर्क्युपाइन, संध्याकाळचा. तिथे सूर्य बुडाल्यावर अंधारात झाडीतून बाजार, बाजारातून दस्तुरी, दस्तुरीहून नेरळ असा परतीचा मार्ग लोकांना फार दमवतो, आणि टॅक्सीवाल्यांची संख्या तोवर कमी झालेली असते. मुक्काम करा, मग दोन्ही पाहा.

ज्यांचे पाय डोंगराला सरावलेले आहेत, त्यांच्यासाठी पनवेल तालुक्यातून थेट वाटही आहे. पनवेलहून नेरे गावापुढे, गाढेश्वर धरणाच्या बाजूने धोदाणीला जायचं आणि तिथून सनसेट पॉइंटपर्यंत चढायचं. अडीच-तीन तासांची चढण. नेरळचा सगळा वळसा वाचतो, आणि संपूर्ण वाटभर प्रबळगड बाजूला असतो. उन्हाळ्यात मात्र ही चढण पहाटेच सुरू करावी. पावसाळ्यात गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच डोंगररांगेत इर्शाळगडाच्या पायथ्याशी दरड कोसळून इर्शाळवाडी गाडली गेली. या उतारांवर जुलै-ऑगस्टमधला मुसळधार पाऊस काय करू शकतो, हे आपल्या डोळ्यांसमोर घडलं आहे. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला असेल त्या दिवशी घाटात, कड्यावर, धबधब्यात जाऊ नये. बेत आठवडाभर पुढे ढकलावा.

ऋतूंत मला ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर सगळ्यात आवडतो. पाऊस थांबलेला, धूळ अजून उडू लागलेली नाही, हवेत ओल आहे आणि नजर लांब जाते. रानफुलं कड्यांच्या पठारांवर शेवटची असतात. मार्च ते मे सावली आणि करवंदं मिळतात, पण धूळ भरपूर आणि गर्दीही भरपूर. जून-जुलैत धुकं इतकं दाट असतं, की कुठल्याच काठावरून पाच हातांपलीकडचं काही दिसत नाही. ज्यांना धुकंच हवं आहे त्यांनी तेव्हा जावं, पण मोरबे पाहायला नको. शक्य असेल तर मधला वार निवडा. मंगळवारी आणि रविवारी माथेरान ही दोन वेगळी गावं असतात.

सोबत दर माणशी दोन लिटर पाणी, टाच धरणारे बूट, एक टोपी, आणि कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी, एवढं पुरे. वर पाणी विकत मिळतं, पण काठावरच्या लांब पट्ट्यात टपऱ्या विरळ होत जातात. मोबाइलला सगळीकडे नेटवर्क नाही, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. वाटांच्या चौकांत पाट्या आहेत, तरी संध्याकाळी त्या झाडीत चटकन सापडत नाहीत.

परतीचा हिशेब उलटा मांडावा. घरी नऊपर्यंत पोचायचं असेल तर नेरळला साडेसहा-सातची लोकल हवी. म्हणजे दस्तुरीहून टॅक्सी साडेपाचच्या आत, आणि बाजार साडेचार-पावणेपाचला सोडलेला. पाय दुखत असतील तर माथेरान स्टेशनवरून अमन लॉजपर्यंत शटल घ्या, वीस मिनिटांत पोचवते आणि अमन लॉजवरून दस्तुरी दोन पावलांवर आहे. मात्र तिच्या शेवटच्या फेरीची वेळ सकाळी वर जातानाच स्टेशनवर विचारून ठेवा, आणि रविवार असेल तर तिकिटाच्या खिडकीवर अर्धा तास आधी उभं राहा.